‘आवडत नसेल तर चालते व्हा’: छातीवर छापलेली देशभक्ती वर्णद्वेषी असू शकते का?

नंदिनी_मेल

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टीशर्टांवरून जुंपली, म्हणून हा धागा. २६ जानेवारी म्हणजे इथला ऑस्ट्रेलिया डे आणि आपला प्रजासत्ताक दिन, त्यामुळे सकाळी झेंडावंदन आणि दुपारी बागेत बार्बेक्यू असा जोडकार्यक्रम ठरलेला. यंदा कुणी तरी सुचवलं की सगळ्यांनी सारखे टीशर्ट घालू, समोर ऑस्ट्रेलियाचा झेंडा, पाठीवर ‘प्राउड टू बी ऑझी’. एकीने लगेच हरकत घेतली की असले टीशर्ट घातलेल्या पोरांनीच मला स्टेशनवर ‘गो होम’ ऐकवलंय, मी घालणार नाही. त्यावर एक दादा उसळले, स्वतःच्या देशाचा अभिमान वर्णद्वेषी कसा असेल? शेवटी अध्यक्षांनी ‘पावभाजीचे पाव कोण आणणार’ विचारून विषय बंद केला.

हवेतल्या गप्पा नकोत म्हणून दोन खरे प्रसंग मांडते. दोन्ही २०१४ चे.

जानेवारीत आल्डी या सुपरमार्केटने ऑस्ट्रेलिया डेसाठी टीशर्ट काढले, त्यावर ‘ऑस्ट्रेलिया, एस्ट. १७८८’. म्हणजे पेढ्यांच्या दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना १९३२’ लिहितात तसं. २६ जानेवारी १७८८ ला आर्थर फिलिप अकरा जहाजांचा ताफा घेऊन आला आणि सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा लागला, हे खरंच. पण त्याआधी पन्नास हजारांहून जास्त वर्षं इथे माणसं राहत होती, त्यांचं काय? सोशल मीडियावर ओरड झाली, आल्डीने माल मागे घेतला. बिग डब्ल्यू या दुसऱ्या दुकानसाखळीनेही तसलाच टीशर्ट काढून टाकला.

ऑक्टोबरमध्ये क्वीन्सलंडमधल्या केर्न्सच्या वूलवर्थ्स सुपरमार्केटमधल्या एका सँडो बनियनचा फोटो ट्विटरवर फिरला. ऑस्ट्रेलियाचा झेंडा आणि ‘इफ यू डोन्ट लव्ह इट, लीव्ह’. वूलवर्थ्सने माफी मागितली आणि बनियन दुकानातून काढले.

आता माझं म्हणणं. दुसऱ्या वाक्यात रंग नाही, धर्म नाही, देशाचं नाव नाही. तरी मला ते वर्णद्वेषी वाटतं. आमच्या ऑफिसात एक गोरे गृहस्थ आहेत. टॅक्स, सरकार, ट्रेन, हवा, घरांचे भाव, सगळ्याला शिव्या घालतात. त्यांना आजवर कुणीही ‘मग जा की लिव्हरपूलला परत’ म्हटलेलं नाही, आणि त्यांचे वडील तिथलेच. मी एकदा नुसतं म्हटलं की ट्रेन फार उशिरा येतात, तर लगेच ‘व्हेअर यू कम फ्रॉम’च्या ट्रेन निघाल्या. तक्रार करायचा हक्क कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे तो बनियन न सांगता सांगतो.

तुम्हाला काय वाटतं? फक्त पक्षीय राजकारण आणू नका, हात जोडते.

---

खडूस_काका

नंदिनी, धागा छान मांडला आहेस, पण असहमत.

मी पुण्यात असतो, मुलाकडे सिडनीला येऊन-जाऊन. पुण्यात राहून पुण्याला नावं ठेवणाऱ्याला मी स्वतः ‘मग राहतोस कशाला इथे’ असं कैक वेळा सुनावलं आहे. त्यात वंशबिंश काही नव्हता, समोरचा सदाशिव पेठेतलाच होता.

आणि ही घोषणा ऑस्ट्रेलियाची नाहीच. ‘अमेरिका, लव्ह इट ऑर लीव्ह इट’ हे व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. गाड्यांच्या बंपरवर स्टिकर असायचे. ते कुणाला उद्देशून होतं? युद्धविरोधी मोर्चे काढणाऱ्या कॉलेजच्या पोरांना, आणि ती बहुतेक गोरीच होती. म्हणजे गोऱ्याने गोऱ्याला म्हटलेलं वाक्य. उद्धट आहे, दादागिरी आहे, मूर्खपणाही आहे. वर्णद्वेष नाही. प्रत्येक उद्धटपणाला वर्णद्वेष म्हणायला लागलात तर खरा वर्णद्वेष समोर येईल तेव्हा काय म्हणणार?

१७८८ च्या टीशर्टात तर मला अज्ञानापलीकडे काही दिसत नाही.

---

बंड्या_ठाणे

वाचतोय. पॉपकॉर्न आणले आहेत.

काका, सदाशिव पेठेतल्याला ‘राहतोस कशाला’ म्हणणं म्हणजे नारायण पेठेत पाठवणं. नंदिनीताईला म्हणणं म्हणजे व्हिसा काढायला लावणं. अंतर बघा की जरा. (हलकं घ्या.)

---

सिडनीचा_समीर

काका, अमेरिकेतलं तुमचं बरोबर आहे. पण घोषणा जिथे पोचते तिथलं पाणी तिला लागतं. २०१४ च्या बनियनबद्दल बोलायचं तर २००५ पासून सुरुवात करावी लागेल. तेव्हा मी सिडनीत नवीन होतो, पश्चिमेकडे एका खोलीत चौघे राहायचो.

क्रोनुला हा सिडनीच्या दक्षिणेचा समुद्रकिनारा. डिसेंबर २००५ च्या पहिल्या रविवारी तिथे लेबनीज वंशाच्या काही तरुणांची आणि लाइफसेव्हर्सची मारामारी झाली. मग आठवडाभर एसएमएस फिरले की पुढच्या रविवारी किनारा ‘परत मिळवायला’ जमा. रेडिओवरही ते वाचून दाखवले गेले. ११ डिसेंबरला सुमारे पाच हजार लोक जमले. झेंडे खांद्यावर घेतलेले, कमरेला गुंडाळलेले, सकाळपासून बिअर. टीशर्टांवर आणि उघड्या पाठीवर मार्करने लिहिलेलं, ‘वी ग्रू हिअर, यू फ्लू हिअर’. म्हणजे आम्ही इथे वाढलो, तुम्ही उडून आलात. एकाच्या टीशर्टावर चक्क ‘एथ्निक क्लिन्सिंग युनिट’. मग जो कुणी मध्यपूर्वेचा दिसेल त्याला पाठलाग करून मारलं. ट्रेनच्या डब्यातसुद्धा. पुढच्या रात्रींत दुसऱ्या बाजूनेही गाड्या आणि माणसं फोडली, तेही सांगायला हवं.

‘दिसेल त्याला’ हा शब्द महत्त्वाचा. मी नागपूरचा, रंग सावळा, तेव्हा दाढी होती. आमच्या घरमालकाने, तो स्वतः ग्रीक, फोन करून सांगितलं की दोन-तीन दिवस पोरांनो किनाऱ्याकडे फिरकू नका. जमाव पासपोर्ट तपासत नाही.

तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड म्हणाले की या देशात खोलवर वर्णद्वेष आहे हे मला मान्य नाही, आणि झेंड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना मी दोष देणार नाही. दोन्ही वाक्यं वेगवेगळी घेतली तर ठीक आहेत. त्या आठवड्यात ती एकत्र ऐकताना ठीक वाटली नाहीत.

त्या दिवसानंतर झेंडा अंगावर घेणं सिडनीत साधं राहिलं नाही. २००७ मध्ये ‘बिग डे आउट’ या मोठ्या संगीत महोत्सवाच्या आयोजकांनी प्रेक्षकांना सांगितलं की झेंडे आणू नका, त्यांचा वापर टोळीच्या खुणेसारखा होतोय. लोक म्हणे एकमेकांना झेंड्याची पापी घ्यायला लावायचे, न घेतली तर धक्काबुक्की. त्यावर पंतप्रधानांपासून राज्याच्या प्रमुखांपर्यंत सगळे आयोजकांवरच तुटून पडले.

तर २०१४ मध्ये कुणी झेंडा आणि ‘लीव्ह’ एकाच कापडावर छापतो तेव्हा त्याला हे सगळं माहीत नव्हतं, असं मला तरी पटत नाही.

---

मोगरा

समीर +१

काकांनी १७८८ ला दोन ओळींत निकालात काढलं, पण मला दोन्हींत तोच जास्त गंभीर वाटतो. बनियनवाला निदान मान्य करतो की समोर कुणी तरी दुसरा आहे, त्याला हाकलायचंय म्हणून का होईना. १७८८ वाल्याच्या डोक्यात दुसरा कुणी नाहीच. ब्रिटिशांनी हा खंड घेतला तेव्हा ही कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन आहे असंच धरून चालले होते. ते गृहीतक हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय) १९९२ मध्ये माबो खटल्यात मोडीत काढलं. म्हणजे न्यायालयाने नाकारल्यावर बावीस वर्षांनी तेच सुपरमार्केटमध्ये टांगलेलं.

आणि हे आजचं नाही. १९३८ मध्ये, ताफा आल्याला दीडशे वर्षं झाली म्हणून सिडनीत जल्लोष चालू असताना आदिवासी नेत्यांनी त्याच २६ जानेवारीला ‘शोकदिन’ पाळला होता. १९८८ ला दोनशे वर्षं झाली तेव्हा ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया हॅज अ ब्लॅक हिस्टरी’ ही घोषणा फलकांवर आणि टीशर्टांवर होती. कपड्यावरच्या घोषणेला कपड्यावरूनच उत्तर.

अवांतर: आदिवासी झेंडा हॅरॉल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये बनवला. त्याचे हक्क त्यांच्याकडे, आणि कपड्यांवर छापायचा परवाना २०१८ पासून एका खासगी कंपनीकडे. त्यामुळे आदिवासींच्या संस्थांनाच स्वतःचा झेंडा टीशर्टावर छापायला परवानगी काढावी लागायची! त्यावर मोठी मोहीम झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये सरकारने दोन कोटी डॉलरहून जास्त मोजून हक्क विकत घेतले. आता कुणीही छापू शकतं. राष्ट्रीय झेंडा सँडोवर, चपलेवर, बिअरच्या कॅनच्या वेष्टनावर फुकट, आणि या झेंड्याला परवाना. असो.

---

खडूस_काका

मोगराताई, माहिती नवी होती, आभार. आता मला सांगा, ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ आणि ‘ब्लॅक हिस्टरी’ या घोषणेत तर सरळ रंगाचे शब्द आहेत. नंदिनीच्या बनियनवर एकही नाही. तरी बनियन वर्णद्वेषी आणि ही घोषणा नाही? म्हणजे कोण बोलतो यावर ठरणार. मग हा निकष आहे की सोय?

समीर, क्रोनुलाबद्दल दुमत नाही. ते ‘एथ्निक क्लिन्सिंग’वालं प्रकरण किळसवाणं आहे. पण पाच हजार टग्यांनी झेंडा वापरला म्हणून उरलेल्या अडीच कोटींनी तो कपाटात ठेवायचा का?

---

इतिहासाचा_किडा

काका, ‘वाक्यात वंश नाही म्हणजे वर्णद्वेष नाही’ हा निकष या देशानेच फार सुंदर खोटा पाडून ठेवला आहे. ऐका.

१९०१ साली ऑस्ट्रेलिया संघराज्य झालं आणि नव्या संसदेच्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक म्हणजे इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट. ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरणाचा कणा हाच. आता मजा बघा. कायद्यात ‘आशियाई नको’, ‘काळे नको’ असं कुठेही लिहिलेलं नाही. लंडनला ते अवघड गेलं असतं. एक तर हिंदुस्थानी लोक साम्राज्याचे प्रजाजन, दुसरं म्हणजे जपानशी गोडीगुलाबी ठेवायची होती. म्हणून कायद्यात ठेवलं काय, तर शुद्धलेखन! बंदरावर उतरणाऱ्याला अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा सांगणार, तो लिहून दाखवायचा. भाषा कुठली? युरोपातली कुठलीही, अधिकाऱ्याच्या मर्जीने. गोऱ्याला बहुधा परीक्षाच द्यावी लागायची नाही. नको असलेला माणूस इंग्रजीत पास होईलसा वाटला तर त्याला दुसरीच कुठली भाषा द्यायची. १९०९ नंतर एकही माणूस या परीक्षेत पास झालेला नाही. ती परीक्षा पास होण्यासाठी नव्हतीच.

१९३४ चा किस्सा तर डोक्यावरून पाणी. एगॉन किश नावाचा प्रागचा लेखक, नाझींचा विरोधक, युद्धविरोधी परिषदेला आला. सरकारला तो नको होता. तो गोरा होता, युरोपियन होता आणि त्याला बऱ्याच भाषा येत होत्या. मग त्याला कुठली भाषा दिली? स्कॉटिश गेलिक! पठ्ठ्या नापास झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने ठरवलं की या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा धरता येणार नाही. स्कॉटिश लोक जे भडकले म्हणता!

परीक्षा १९५८ मध्ये गेली, धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने काढले. म्हणजे सत्तावन्न वर्षं एक असा नियम चालला ज्यात वंशाचा एक शब्द नव्हता आणि ज्याचं वंशाशिवाय दुसरं काही काम नव्हतं. किशसारखा एखादा गोरा त्यात सापडला म्हणून तो नियम वर्णद्वेषी नव्हता असं कुणी म्हणेल का? तुमचे अमेरिकेतले गोरे कॉलेजकुमार म्हणजे या बनियनचे किश.

१९८८ च्या घोषणेबद्दल: ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ हे त्यांनी उगाच रंग चिकटवला म्हणून आलेलं नाही. ते सरकारी धोरणाचं प्रचलित नाव होतं. जो शब्द सत्तर वर्षं अभिमानाने मिरवला तोच परत केला. ती घोषणा कुणाला चालतं व्हायला सांगत नाही.

---

बंड्या_ठाणे

किडोबा, दंडवत घ्या. गेलिकवर फिस्सकन हसलो.

आता थोडं तिखट. आपण इथे बसून क्रोनुलावर च्च च्च करतोय, पण १९६० च्या दशकातल्या मुंबईत ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ कुणी म्हटलं? उडप्यांच्या हॉटेलांवर दगड कुणी मारले? तिथे तर घोषणा कपड्यावर नव्हती, कपडाच घोषणेत होता. माझ्या वडिलांचे मित्र आजही ती ओळ हसत हसत म्हणतात. त्यांना विचारा वर्णद्वेषी आहात का, ते म्हणतील छे, आम्ही तर मराठी माणसाच्या नोकऱ्यांसाठी.

---

ॲडमिन

बंड्या_ठाणे, धाग्याच्या विषयाशी जितपत संबंध आहे तितपत ठीक. पुढे महाराष्ट्राच्या राजकारणावर गेलात तर प्रतिसाद उडवले जातील. त्यावरचे चार प्रतिसाद आत्ताच उडवले आहेत.

---

वकिलीणबाई

कायद्याचं कुणी विचारलं नाही, पण धागा भरकटायच्या आत सांगते, कारण ‘वर्णद्वेषी’ आणि ‘बेकायदा’ यांची गल्लत होते आहे.

इथल्या रेशियल डिस्क्रिमिनेशन ॲक्ट, १९७५ मध्ये १९९५ साली कलम १८सी घातलं गेलं. वंश, रंग किंवा राष्ट्रीय-वांशिक मूळ यामुळे एखाद्याला वा गटाला दुखावणारं, अपमानित करणारं, मानहानी करणारं किंवा धमकावणारं सार्वजनिक वर्तन बेकायदा. गुन्हा नव्हे, तुरुंग नाही, दिवाणी प्रकरण. लगेच पुढचं १८डी कलम कलाकृती, सार्वजनिक हिताची प्रामाणिक चर्चा, टीका वगैरेंना सूट देतं. धर्म यात थेट येत नाही, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

योगायोग असा की ते टीशर्ट आणि बनियन ज्या वर्षी आले त्याच २०१४ मध्ये ॲबट सरकार १८सी सौम्य करायच्या मागे होतं. ॲटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस मार्चमध्ये सिनेटमध्ये म्हणाले की लोकांना पूर्वग्रहदूषित असण्याचा हक्क आहे. गदारोळ झाला आणि ऑगस्टमध्ये सरकारने बेत सोडला.

वूलवर्थ्स आणि आल्डीला कुठल्याही कोर्टाने माल काढायला लावलं नव्हतं. त्यांनी धंद्याचा हिशेब केला. हे उलट्या बाजूनेही चालतं. जानेवारी २०२४ मध्ये वूलवर्थ्सने जाहीर केलं की मागणी घटली म्हणून ऑस्ट्रेलिया डेचा खास माल ठेवणार नाही. तर तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी लोकांना तिथे खरेदी करू नका म्हणून सांगितलं. म्हणजे २०१४ मध्ये बनियन ठेवला म्हणून शिव्या, २०२४ मध्ये झेंडा ठेवत नाही म्हणून. दुकानदाराचं मरण.

आता काकांचा मुद्दा. ‘निघून जा’ हे वाक्य वर्णद्वेषी ठरू शकतं का? फेडरल कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्या तेव्हा ग्रीन्स पक्षाच्या सिनेटर मेहरीन फारुकी यांनी ट्विट केलं की वसाहतींच्या लुटीवर उभ्या राहिलेल्या वर्णद्वेषी साम्राज्याच्या प्रमुखाचा शोक मी करू शकत नाही. त्यावर वन नेशन पक्षाच्या सिनेटर पॉलिन हॅन्सन यांनी उत्तर दिलं, सामान बांध आणि पाकिस्तानात चालती हो, शब्द याहून सडके. फारुकी लाहोरला जन्मल्या, १९९२ मध्ये इथे आल्या, इथे नागरिक झाल्या, निवडून आल्या. न्यायमूर्ती ॲंगस स्ट्युअर्ट यांनी १८सीचा भंग झाला असं ठरवलं, ट्विट काढायला सांगितलं. हॅन्सनबाई अपिलात गेल्या.

बचाव काय होता? त्यांनी टीका केली, मी टीकेला उत्तर दिलं, वंशाचा संबंध नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. त्या उत्तरात साम्राज्याबद्दलच्या मुद्द्याला हातच नव्हता. मुद्दा मांडणारी कुठून आली, एवढंच होतं. राणीच्या निधनावर तिखट लिहिणारे इथे जन्मलेले गोरेही होतेच की. त्यांना कुठे पाठवायचं?

पण काका, तुमच्या बाजूने एक. त्या ट्विटमध्ये विशिष्ट व्यक्ती होती, विशिष्ट देश होता. दुकानातल्या हँगरवरच्या बनियनवर मी केस घेऊन गेले तर बहुधा हरेन. बनियन वर्णद्वेषी आहे असं मला वाटतं, आणि तो बेकायदा ठरू नये असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

---

खडूस_काका

वकिलीणबाई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. किडोबांचा शुद्धलेखनाचा मुद्दाही लागला, नाही म्हणत नाही. पण कायदा करणारं सरकार आणि गंजी घालणारा सुतार यांत फरक करा. सरकारला बारा अक्कलवाले वकील लागतात भाषा निवडायला. सुताराने पाच डॉलरला मिळाला म्हणून घेतला असेल. वस्तू वाईट म्हणा, घालणारा प्रत्येक जण तसा आहे म्हणू नका. माझ्या मुलाचा शेजारी असलाच काही तरी घालून फिरतो आणि सूनबाईंच्या बाळंतपणात पहिला तोच धावला होता.

---

आर्या_सेकंडजेन

हाय. माझं मराठी लिहिणं थोडं कच्चं आहे, आईने तपासून दिलंय. मी इथेच जन्मले, ब्रिस्बेनला.

सगळे काका-मावशी चालते व्हा वाक्याबद्दल बोलतायत. माझा प्रश्न वेगळा आहे. मला ते वाक्य कुणी म्हटलं तर मी कुठे जाणार? मी भारतात चार वेळा गेलेय, तेही लग्नांना. मला कुणी हाकलत नाही खरं तर, पण झेंडा घातला तरी चालत नाही. शाळेत ऑस्ट्रेलिया डेच्या ड्रेस-अपला मी झेंड्याचा केप घातला होता, तर एक मुलगा म्हणाला तू का घातलास. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं त्याला. गोऱ्या मुलीने घातला की कपडा, मी घातला की प्रश्न.

३१ ऑगस्ट २०२५ ला ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’ मोर्चे झाले तेव्हा सगळ्या शहरांत झेंडेच झेंडे होते. त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं की शंभर वर्षांत ग्रीक आणि इटालियन आले त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले. आईने त्या दिवशी सिटीत जाऊ दिलं नाही. मला झेंडे बघून भीती वाटली आणि मग स्वतःचाच राग आला, कारण तो माझा झेंडा आहे. मला दुसरा नाहीये.

म्हणून मंडळाचा टीशर्ट मी तर घालीन. ‘प्राउड टू बी ऑझी’. मुद्दाम घालीन. पण २६ जानेवारीला नाही, कारण माझी एक मैत्रीण आदिवासी आहे आणि तिच्या घरी त्या दिवशी वातावरण वेगळं असतं.

---

सिडनीचा_समीर

आर्या, तुझं मराठी माझ्या मुलापेक्षा कितीतरी चांगलं आहे. आईला सांग तपासायची गरज नाही.

---

मोगरा

आर्याच्या प्रतिसादावर एक जोड. त्या पत्रकातली तुलना मुद्दाम ग्रीक-इटालियनांशी आहे. १९५० च्या दशकात हेच लोक ‘वॉग’ म्हणून शिव्या खात होते, डब्यातल्या लसणाच्या वासावरून मुलांना चिडवलं जायचं. आता ते चांगल्या स्थलांतरितांचं माप झाले. समीरचा ग्रीक घरमालक आठवा, त्याला ते विसरायला झालं नव्हतं.

---

नंदिनी_मेल

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं एक मला मान्य आहे: घालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काय आहे ते मला कळत नाही आणि मी ठरवणारही नाही. मी ट्रेनमध्ये तो बनियन बघितला की दुसऱ्या डब्यात जाते, एवढंच. तेवढा वेळ कुणाकडे असतो शेजारी चांगला आहे की वाईट ते शोधायला?

पण सुताराला वेगळं काढताना छापणाऱ्याला सोडू नका. कुणीतरी डिझाइन केलं, ऑर्डर दिली, कंटेनरमधून आणलं, किंमत लावली. त्या साखळीत एवढी माणसं, आणि एकालाही कसं विचारावंसं वाटलं नाही की हे घेणार कोण आणि वाचणार कोण? मला तर वाटतं त्या साखळीत आमच्यासारखं कुणी नव्हतंच.

आर्या, तुझा प्रतिसाद मंडळाच्या ग्रुपवर टाकू का? नाव काढून.

---

आर्या_सेकंडजेन

टाका. नाव पण राहू दे.

---

नवीन_पर्थ

दोनच वर्षं झाली येऊन, त्यामुळे घाबरत विचारतो. आमच्या साइटवर एक जण दर शुक्रवारी कॅज्युअल ड्रेस म्हणून ‘जागा भरली, निघा’ अशा अर्थाचा शिवीसकट टीशर्ट घालून येतो. ऑस्ट्रेलियाचा नकाशा आहे वर. मला थेट कधी काही बोललेला नाही. तक्रार केली तर व्हिसावर परिणाम होतो का? वकिलीणबाई, सांगाल का?

---

वकिलीणबाई

नवीन, तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही, ही भीती आधी डोक्यातून काढा. त्या टीशर्टाचं डिझाइन जुनं आहे, गाड्यांच्या मागे स्टिकर म्हणूनही दिसतं.

अशी प्रकरणं बहुधा १८सीपर्यंत पोचतच नाहीत, पोचायची गरजही नसते. कंपनीच्या आचारसंहितेत कपड्यांवरच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल काही ना काही असतं, आणि इथे तर शिवीच आहे, त्यामुळे सुपरवायझरला वंशाच्या वादात न पडता ‘हा घालून येऊ नकोस’ म्हणणं सोपं आहे. आधी एचआरला ईमेल करा, तोंडी नको. युनियनचे सभासद असाल तर प्रतिनिधीला सांगा. त्यातून काही झालं नाही तर ऑस्ट्रेलियन ह्यूमन राइट्स कमिशनकडे तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. ते आधी दोन्ही बाजूंना बसवून समेट करायला बघतात, तिथे नाही मिटलं तरच कोर्ट.

तुमचा व्हिसा नोकरी देणाऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर असेल तर मात्र ईमेलच्या आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, क्रम थोडा वेगळा ठेवू. आणि तारखा लिहून ठेवा.